तात्पुरते सोनाजी

मेहकरच्या शिपाईघरात मी कंपौंडर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी माझी ट्रंक छकड्यातून उतरवून ज्याने डोक्यावर घेतली तो तिथला गडी असणार, असं मी धरूनच चाललो. साठीच्या पुढचा, ताठ, पांढऱ्या मिशांना पीळ दिलेला गडी. ट्रंक खोलीत ठेवून त्याने टाचा जुळवल्या आणि विचारलं, "अजून काही हुकूम?" मी पाणी आणायला सांगितलं. त्याने आणलं. संध्याकाळच्या हजेरीला मॅनेजरांनी पुकारलं, "हवालदार सोनाजी," आणि माझा पाणक्या एक पाऊल पुढे आला. त्या घरातल्या एकोणीस जणांत हुद्द्याने सगळ्यांत मोठा तोच होता. बाकीचे सारे साधे शिपाई, आणि हे साधे शिपाई आपल्या हवालदाराकडून पाय दाबून घेत, धोतरं धुऊन घेत, दाढ्या करून घेत. मी रात्री सोनाजींची माफी मागायला गेलो तर म्हणाले, "ट्रंक हलकी होती डागदरबाबू. पुस्तकं कमी आणले तुमी." कंपौंडरला डॉक्टर म्हणण्याची त्या घराची रीत होती. मीही ती कधी दुरुस्त केली नाही.

घर म्हणजे नदीकाठच्या टेकाडावर बांधलेल्या बारा खोल्या. पहिलं महायुद्ध संपल्यावर सरकारने आपल्याला रावसाहेब करावं म्हणून त्या बाजूच्या एका बड्या जमीनदाराने हे पुण्य केलं. रावसाहेबकी मिळाली ती त्याच्या भाऊबंदाला. हा बिचारा नुसता पुण्यवान राहिला आणि त्याच झुरणीने गेला. घर मात्र चाललं. वऱ्हाड-मध्यप्रांताच्या कुठल्याशा कमिटीने ते ताब्यात घेतलं आणि त्याला नियमावली दिली. नियम असा की राहणारा समुद्रापार लढून आलेला हवा आणि कायमचा निकामी झालेला हवा. नुसतं लढून आलेलं चालत नसे आणि नुसतं निकामी असणं तर आमच्या मॅनेजरांशिवाय कुणालाच परवडत नसे. सोनाजी यांपैकी कशातच बसत नव्हते. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता आणि प्रकृती अशी की माझ्या औषधांचा त्यांच्यापुढे अपमान व्हायचा. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं, 'तात्पुरता, मुक्काम आठ दिवस.' मी ते वाचलं तेव्हा त्या आठ दिवसांना अठरा वर्षं झाली होती.

जेवणाच्या पंगतीचा एक रिवाज होता. पानं वाढून झाली की पहिला घास घेण्याआधी पुंजाजी हाक मारायचे. हे लोणारकडचे, दोन्ही डोळे इराकातल्या बसऱ्याच्या बाजूला ठेवून आलेले. "हवालदार, खजूर पडला का?" वरणाची बादली घेऊन उभे असलेले सोनाजी म्हणायचे, "नाही जी, अजून नाही." मग नामदेव विचारायचा, "चहा?" नामदेवचा उजवा हात खांद्यापासून नव्हता. "येऊन राह्यला जी." तिसरा कुणी विचारी, "अन् जहाज?" "जहाजच हालते जी. आपल्याले हालाचं काम नाही." एवढं झालं की सगळे जेवायला लागत. मला वाटलं, हा पलटणीतला काही श्लोक असेल. महिनाभर मी तो हात जोडून ऐकत होतो, आणि कुणीही मला हात सोडायला सांगितलं नाही.

शेवटी नामदेवच्या खांद्याला मलम लावताना मी अर्थ विचारला. तो इतका हसला की मलम पसरलं.

"श्लोक नव्हे डागदरबाबू, ते याचं भाषण हाये. दुसरबीडच्या बाजारात हा गाडीवर उभा राह्यला होता, भरतीचा हवालदार म्हणून. म्हणे, बसऱ्याले खजुराखाली निजा, झोपल्या झोपल्या तोंडात पडते. जहाजावर दोन टाइम चहा. हालाचं काम नाही, जहाजच हालते. लढाई तं सरली, म्हणे, तुमाले नुसतं पाहाले नेऊन राह्यलो. आमी सतरा जण उठलो त्या दिवशी."

"मग?"

"मंग काय. जहाज हाललं."

त्या सतरांतले सहा परत आले होते आणि त्या सहांतले चार आमच्या घरात होते. सोनाजींना सरकारने त्या कामगिरीबद्दल पागोटं बांधलं होतं. ते पागोटं पुढे फाडून नामदेवच्या जखमेच्या पट्ट्या झाल्या, असं मॅनेजर सांगत. युद्धानंतर पुंजाजींना हाताला धरून या घरात पोचवायला सोनाजी आले होते, आठ दिवसांकरता. पोचवलं आणि परत जायचं राहून गेलं.

गावी त्यांना दोन मुलगे होते, बारा एकर जमीन होती, म्हशी होत्या. मुलगे वर्षातून एकदा न्यायला येत, एक दिवस राहत, बापाला शिपायांच्या चपला झाडताना पाहत आणि मान खाली घालून परत जात. खलबत्त्यात औषध कुटायला सोनाजी माझ्याकडे बसत, तेव्हा मी एकदा विचारलंच, घर सोडून इथे काय म्हणून राहता?

कुटता कुटता ते म्हणाले, "तिथं विहिरीवर बाया भेटतात. अकरा पोरायच्या माया हायेत डागदरबाबू. त्यायचं इचारणं एकच. सोनाजीभाऊ, पोरगा कधी येईन? सरकारचा कागद आला, मी सोता वाचून दाखवला, तरी इचारतात. कागदावर इश्वास नाही त्यायचा. मी नेलं होतं, तं मलेच मालूम असंन, असं वाटते त्यायले." खलातलं औषध त्यांनी पुडीवर काढलं. "इथं बरं हाये. इथं जे इचारतात त्याचं उत्तर मले येते."

यावर मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. त्या वयात माझ्याकडे समजुतीचा साठा औषधांपेक्षा मोठा होता. सोनाजींनी नेहमीचं वाक्य टाकलं, "हुकमाले काऊन नसते." म्हणजे हुकमाला 'का' विचारायचं नसतं. हे वाक्य ते कुठेही वापरत. आमटीत मीठ जास्त झालं तरी तेच, आणि मॅनेजरांनी भर उन्हात अंगण झाडायला लावलं तरी तेच. पण त्यांचं दुसरं एक वाक्य मला जास्त आवडायचं. "खरं बोलाले धीर लागते, खोटं बोलाले माणसं लागतात." धीर आपल्याकडे कधी नव्हता, माणसं मात्र खूप होती, असं ते पुढे सांगत.

पुंजाजींनी त्यांना एक शिक्षा लावून दिली होती. रोज दिवस मावळायच्या सुमारास दोघे दारापुढच्या वट्ट्यावर बसत आणि समोर जे दिसेल ते सोनाजींनी सांगायचं. अट एकच, सजवायचं नाही. ज्या माणसाच्या तोंडाने सतरा घरं रिकामी केली त्याने रोज असं बोलायचं: "रस्त्यानं दोन बैल चालले. एक लंगडते. मांगं एक बाई हाये, डोक्यावर भारा." पुंजाजी विचारत, "भारा कायचा?" "दिसत नाही जी." "मंग दिसत नाही म्हण. पहिले कडबा म्हणणार होता तू, मले मालूम हाये." सोनाजी ओशाळे होऊन म्हणत, "हाव जी, म्हणणार होतो." मला या दोघांचा हेवा वाटायचा. इतकी वर्षं भांडून झाल्यावर इतकी सवड असलेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तशी आमच्या घराची प्रतिष्ठा वाढली. कमिटीचं पत्र आलं की आता नवे जखमी येतील, खोल्या लागतील, सबब नियमात न बसणाऱ्या इसमांना महिन्याभरात काढावं. नियमात न बसणारा इसम एकच होता. मॅनेजर पत्र घेऊन आठवडाभर फिरले, त्यांना ते सोनाजींना वाचून दाखवण्याचा धीर होईना. तेवढ्यात भरतीचे कप्तानसाहेब मोटारीतून उतरले. साहेब आपलेच, देशीच. पण मराठी बोलताना इस्त्री मोडेल की काय अशा बेताने बोलत. जुन्या कागदांत त्यांना सोनाजींचं नाव सापडलं होतं. सगळ्या तालुक्यात सर्वांत जास्त माणसं उठवणारा हवालदार. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, ती सोनाजींनी धरून ठेवली, बसले नाहीत.

"हवालदार, मला मेहकर तालुक्याचे तीन बाजार करून द्या," साहेब म्हणाले. "मी कमिटीला लिहितो. तुमच्या नावापुढचा तात्पुरता शब्द खोडून कायम लिहिला जाईल. मरेपर्यंत कुणी उठवणार नाही."

सोनाजींनी एक दिवस मागितला. संध्याकाळी वट्ट्यावर घर जमलं, आणि मी समजत होतो की आता ही माणसं त्यांना अडवतील. ज्यांना यातलं सगळं ठाऊक होतं तेच तर हे. पुंजाजी म्हणाले, "जाय. नाहीतं आमचं धोतर कोण धुईन?" नामदेव म्हणाला, "दाढीचं काय? या मॅनेजरच्या हाती वस्तरा देऊ का मी?" तिसऱ्याने भर घातली की नवी पोरं गेली तर चारदोन वर्षांनी इथली संगतही वाढेल, पत्त्यांना भिडू कमी पडतात. सगळे हसले. सोनाजी हसले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी साहेबांना म्हणाले, "मंजूर."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मला घर होतं, नोकरी होती, चोविसावं वर्ष होतं. असा राग परवडत होता.

पहिला बाजार मेहकरचाच होता. गाडी उभी केली, डफडेवाला आला, आणि डोळे-दात तपासायला, मापं लिहायला कप्तानसाहेबांनी मला नेलं. सोनाजी गाडीवर चढले. जन्मात मी अनेक वक्ते ऐकले, त्यांतले काही पुढे मंत्रीही झाले, पण असं बोलणं ऐकलं नाही. वीस वर्षांचं उपाशी तोंड होतं ते. आता बंदुका खांद्यावर न्याव्या लागत नाहीत, मोटारीत बसून जातात. आता चहात साखर तुमच्या हाताने घ्यायची. मिरच्यांच्या ढिगामागची म्हातारी तराजू हातात धरून ऐकत राहिली. खोटं आहे हे मला अक्षरन् अक्षर माहीत होतं, तरी एका क्षणी आपण अर्ज करावा की काय असं मलासुद्धा वाटून गेलं. चौदा पोरं उठली. साहेबांनी चहा मागवला आणि मला सोनाजींची किळस आली.

मग मापं सुरू झाली. छाती तेहतीस इंच हवी. सोनाजी फीत लावायचे, आकडा पुकारायचे, मी लिहायचो. पहिला पोरगा, "साडेबत्तीस." दुसरा, "बत्तीस." तिसरा पुन्हा साडेबत्तीस. सहाव्याला मी मान वर केली. फितीचं टोक पोराच्या छातीवर पुकारलेल्या आकड्याला मिळतच नव्हतं. मधे तीन बोटं अंतर राहत होतं आणि ते सोनाजींच्या तळहाताखाली झाकलं जात होतं. पहिल्या लढाईत हेच हात उलटं करायचे, अंगठ्याखाली फीत दुमडून किरकोळ पोरांच्या छात्या रुंद करायचे, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या घटकेला त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा आकडा पुकारला. मी लिहिला.

नववा एक पहिलवान होता. शर्ट काढला तर बाजार थबकला. सोनाजी म्हणाले, "बत्तीस."

कप्तानसाहेबांनी कप खाली ठेवला. "याची? बत्तीस?"

"भोपळा बाहेरून मोठा दिसते सायेब," सोनाजी म्हणाले, "आतून पोकळ राह्यते."

साहेब शहरातले होते, भोपळ्याचा अनुभव त्यांना नसावा. चौदाच्या चौदा नापास झाली. पहिलवान भर बाजारात रडला. साहेबांनी वर अहवाल पाठवला की या तालुक्यातल्या तरुणांना दूध कमी पडतं. पुढे त्याची चौकशी करायला एक अधिकारी खरोखरच आला आणि आमच्या मॅनेजरांकडे चार दिवस दूधच पीत बसला.

सोनाजी त्या रात्री पोटभर जेवले. मीही. पण गावची अब्रू कशात असते हे आम्हा दोघांनाही तेव्हा सुचलं नव्हतं. आठ दिवसांत तालुकाभर बोभाटा झाला की अमक्या गावची पोरं छातीत नापास. पहिलवानाचं ठरलेलं लग्न मुलीच्या बापाने थांबवलं. बत्तीस इंची जावई नको म्हणाला. चौदांपैकी बारा जणांनी चिडून खाजगी मोटार धरली, बुलढाणा गाठलं आणि तिथल्या भरतीत छात्या काढून उभे राहिले. तिथली फीत सरळ होती. सगळे पास झाले. पहिलवान एकोणचाळीस भरला. आणि तिथल्या टेबलाशी त्या दिवशी आमचेच कप्तानसाहेब बसले होते.

ते परत आले तेव्हा त्यांनी आधी मला बोलावलं, माझी वही माझ्यापुढे ठेवली. मी म्हणालो, "मी फक्त लिहीत होतो साहेब." वाक्य अगदी खरं होतं. आजही ते आठवलं की माझी मान खाली जाते.

सोनाजींना विचारलं तेव्हा ते टाचा जुळवून म्हणाले, "फीत सरकारी हाये सायेब, हात माझा हाये. बाबूचं यात काही नाही."

कप्तानसाहेब वाईट माणूस नव्हते. खटला केला नाही, फक्त उद्या सकाळी घर सोडायचा हुकूम दिला. मग इस्त्री विसरून जरा मायेनेच म्हणाले, "हवालदार, बारा पोरं गेली ती गेलीच. राहती जागा घालवलीत, मिळवलंत काय?"

सोनाजींनी बोटांवर हिशेब केला. "चौदा उठले होते सायेब. बारा गेले. मंग दोन राह्यले ना जी?"

साहेबांनी टोपी घातली आणि ते मोटारीत जाऊन बसले.

सकाळी नामदेवने डाव्या हाताने आणि दातांनी त्यांचं बोचकं बांधून दिलं, कुणाला हात लावू दिला नाही. पुंजाजी उठलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "सांगून टाका त्याले, म्या काही माफ नाही केलं. माफ केलं असतं तं हा पहिल्याच वर्षी घरी निंगून गेला असता." सोनाजी दाराशीच उभे होते. त्यांनी ते ऐकलं, वाकून पुंजाजींच्या चपला सरळ करून ठेवल्या आणि बाहेर आले. मला म्हणाले, "ते दोन पोरं कोणते, वहीत पाहून सांगा." मी नावं-गावं कागदावर लिहून दिली. त्या सगळ्या प्रकरणात मी धीराने केलेलं काम तेवढं एकच.

दुसरबीडला ते आपल्या घरी गेले, पण विहिरीवरच्या बायांपुढे फार टिकले नाहीत. दोन पोरांपैकी एक खानदेशात मामाकडे गेला होता. दुसरा आत्माराम, लोणारजवळचा माळ्याचा पोरगा. त्याच्या मळ्यात राखणदार म्हणून सोनाजी राहिले आणि लढाई संपायच्या आधीच्या पावसाळ्यात तिथल्याच खोपटात वारले. कुठल्याही दप्तरात नोंद नाही. तात्पुरत्या माणसाची नोंद कोण ठेवणार. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. लोणारला औषधं पोचवायला गेलो होतो, वाट वाकडी करून मळ्यात गेलो.

दुपारची वेळ होती. आत्माराम वाफ्यात पाणी सोडत होता आणि तोंडाने सोनाजींचा उद्धार चालू होता. "या बुढ्यानं नशीब खाल्लं माझं. माझ्यासंगचे पलटणीत नायक झाले. अन् याले वाटते, यानं वाचवलं मले. वांगे तोडाले आले होते म्हणून राह्यलो मी, नाहीतं त्यायच्यासंग बुलढाण्याले गेलो असतो. याच्या फितीले कोण पुसते बे?"

"खरं हाये," सोनाजी मला म्हणाले. "वांग्यायनंच थांबवलं त्याले. पण मेहकरले त्या दिवशी माप भरलं असतं तं वांग्यायची वाट कोणं पाह्यली असती?" ते बांधावर बसले होते, खूप थकले होते, मिशांचा पीळ गेला होता. मी पहिलवानाचं काही कळलं का विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. 

तेवढ्यात आत्मारामची आई टोपलीत भाकरी घेऊन आली. मुलाला वाढलं, मला वाढलं, सोनाजींच्या हातावर भाकरी आणि वांग्याचं भरीत ठेवलं. लेकाला म्हणाली, "आधी खाऊन घे, मंग शिव्या देजो." आम्ही जेवलो. सोनाजींची भाकर संपत आली तशी ती टोपलीवरचं फडकं सारून म्हणाली, "सोनाजीभाऊ, अजून अर्धी देऊ का?"

सोनाजी थांबले. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आयकलं का डागदरबाबू, या मायचं इचारणं?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"दे माय," ते म्हणाले. "पुरी दे."